सिलचरहून आलेलं ‘नाही’

महिपती दाजींनी आयुष्यात एकदाच पेटीवरचं ‘नाही’चं बटण दाबलं. ते ‘नाही’ सिलचरहून निघून पोचेपर्यंत बाकीच्या चारशे पेट्यांचं ‘हो’ म्हणून झालंसुद्धा होतं. अर्ध्या सेकंदाच्या आत. हा अर्धा सेकंद धैर्यशीलनं बनवला होता आणि त्याला त्याचा फार अभिमान होता.

ढालगेवाडी विट्यापासून आत, माळावर. गावात बघण्यासारखं काही नाही. पण देशातल्या कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, मागच्या बोळात एक भट्टी असते आणि भट्टीपुढं बसलेला माणूस बहुतेक वेळा याच भागातला निघतो. जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करून द्यायचं. गलाईचा धंदा. कुणी कोचीला, कुणी कोईमतूरला, कुणी लुधियानाला. गावात उरतात म्हातारी माणसं आणि जत्रेची वाट बघणारी कुलपं.

धैर्यशील हसबे भट्टीवर टिकला नाही. बारावीनंतर त्याला थोरल्या बहिणीकडं, शैलाअक्काकडं पाठवलं, आसामात सिलचरला, धंदा शिकायला. तो शिकला प्रोग्रॅमिंग. दाजींच्या दुकानात, आम्लाच्या वासात, मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून. दाजींनी आधी शिव्या घातल्या, मग स्वतःच जाऊन लॅपटॉप घेऊन आले.

“घ्या मेव्हणं,” ते म्हणाले, “तुम्ही माझं सोनं जाळून घालवणारच होता. त्यापेक्षा हे स्वस्त पडंल.”

त्याच लॅपटॉपवर गुंज जन्माला आली.

गुंज म्हणजे नाणं, पण हातात न येणारं. पूर्वी सोनं तोलायला गुंजेचा दाणा वापरायचे, त्यावरून नाव. एखाद्या गलाईवाल्यानं शुद्ध सोनं तिजोरीत ठेवलं, त्याचा तुकडा त्याच शहरातल्या दुसऱ्या गलाईवाल्यानं तपासला, की तेवढ्या गुंजा तयार. मग त्या गावाकडं पाठवा, नाहीतर बाहेरच्या मोठ्या व्यापाऱ्याला विका. मधे बँक नाही, मालक नाही. प्रत्येक दुकानात वायफायच्या डब्याएवढी एक पेटी. साक्षी पेटी. प्रत्येक व्यवहारावर सगळ्या पेट्या मत देणार, खरा की खोटा. दोन तृतीयांश पेट्या ‘हो’ म्हणाल्या की पक्का. कायमचा पक्का.

दोन तृतीयांशच का, हे एकदा समजून घ्या, पुढं लागणार आहे. समजा एक लबाड माणूस एकच गुंज दोघांना विकायला बघतोय. त्याला दोन वेगळे निकाल लावून घ्यावे लागतील, आणि दोन्हीला प्रत्येकी दोन तृतीयांश मतं. दोन्ही मिळून पेट्यांच्या संख्येपेक्षा जास्त झाली. म्हणजे निदान एक तृतीयांश पेट्यांनी दोन्हीकडं मत दिलं. लबाड तेवढे नसतील, तर या दोन्हीकडच्यांत एक तरी खरी पेटी असणारच, आणि खरी पेटी दोन तोंडांनी बोलत नाही. म्हणून दुसरा निकाल लागतच नाही. एवढंच गणित आहे. आणि एखादी पेटी एकाच गोष्टीवर आधी ‘हो’ आणि मग ‘नाही’ म्हणालीच, तर तिच्यामागं मालकानं ठेव म्हणून अडकवलेलं सगळं सोनं आपोआप जातं. अर्ज नाही, माफी नाही.

हे सगळं चालत होतं. फक्त हळू चालत होतं.

तक्रार आणली बापूंनी. बापूराव निकम, गलाई संघाचे अध्यक्ष, उभी हयात कोईमतूरला काढून गावी परतलेले.

“धैर्या, मिनिटभर लागतंय रं. गिऱ्हाईक काउंटरवर उभं. ते माझ्या पोराकडं बघतंय, पोरगं त्याच्याकडं बघतंय. दोघंबी गणपतीगत.”

“बापू, लांबच्या पेट्यांची वाट बघावी लागते.”

“मग नको बघूस.”

धैर्यशील हसला, घरी गेला आणि महिनाभर त्या एका वाक्यावर बसला. कारण बापू बरोबर बोलले होते. प्रकाश काचेच्या तारेतून कितीही पळाला तरी सिलचर लांबच आहे, आणि वाटेत प्रत्येक जोडणीवर थोडा थोडा वेळ जातो. सगळ्यात मंद पेटी सगळ्यांना मागं ओढते. तेव्हा त्यानं नियम बदलला. अर्ध्या सेकंदात मत आलं तर धरायचं. जी पेटी वारंवार उशिरा येईल तिचं वजन कमी, वजन कमी म्हणजे मतामागं मिळणारं कमिशन कमी.

दुसरा बदल त्यानं रागानं केला. सोन्याच्या शुद्धतेवर कुणी एकानं जरी ‘नाही’ म्हटलं तर सगळं थांबून फेरतपासणी व्हायची. आणि गलाईवाल्यांत भांडणं काय कमी? बांधावरून भांडण, सोयरिकीवरून भांडण. मग द्या दाबून ‘नाही’. धैर्यशीलनं लिहून टाकलं: नव्वद टक्के ‘हो’ म्हणत असतील, तर ‘नाही’ म्हणणारा खोटा. त्याची ठेव कापायची आणि नावापुढं लाल अक्षरात शिक्का. खोटा साक्षी.

नियम लागू करण्याआधी त्यानं दाजींना व्हिडिओ कॉल केला. कौतुक ऐकायला.

“म्हणजे मेव्हणं, जो लांब हाय त्याचं मत कमी?”

“लांब नाही दाजी. उशिरा.”

“आमच्यात एकच असतं ते.”

“चांगलं कनेक्शन घ्या की.”

“इथं दिवसभर लाइट राहिली तर आम्ही पेढे वाटतो. आणि ते दुसरं काय? एकटा ‘नाही’ म्हणाला की खोटा?”

“चारशे जण एकदम चुकतात का दाजी?”

“आमच्या लग्नाला तुमची आख्खी भावकी ‘नाही’ म्हणत होती. एकटी तुमची अक्का ‘हो’ म्हणाली. तिची ठेव कापायची का मग?”

मागून भांड्यांच्या आवाजात अक्का बोलली, “कापलीच की. बघा कुठं येऊन पडलेय.”

तिघंही हसले. नियम लागू झाला.

गुंज पळायला लागली. अर्धा सेकंद. बाहेरचे मोठे व्यापारी आले, दुबईचे आले. धैर्यशीलला पुण्यात भाषणाला बोलावलं, स्टेजवर तो अडखळत बोलला आणि लोकांना तेही आवडलं.

पण लुधियानाच्या, गुवाहाटीच्या पेट्या उशिरा ठरायला लागल्या. त्यांचं कमिशन घटलं. लोकांनी तक्रार नाही केली, रस्ता काढला. पेटी जिथं वेगानं चालेल तिथं ती ठेवायची. आणि अशी जागा कुठली? गाव. आपलं गाव.

जत्रेला आले तेव्हा जो तो पेटी घेऊन आला. कुणी पिशवीतून, कुणी मांडीवर, एकानं तर शालीत गुंडाळून. समाजमंदिराच्या तळघरातल्या हॉलमध्ये बापूंनी फायबर आणली होती, जनरेटर बसवला होता, एसी लावला होता. रॅकवर पेट्या ओळीनं मांडल्या. हिरवे दिवे लुकलुकायला लागले.

“माहेरी आल्या बघ पोरी,” बापू म्हणाले.

प्रत्येक पेटीला नवा पासवर्ड लागायचा. बापू रजिस्टर झालेल्या नावानं हाक मारायचे, “पासवर्ड काय टाकू?” आणि समोरचा म्हणायचा, “टाका की तुम्हीच काहीतरी.” घराची किल्ली शेजारी देऊन वर्षभर मुलूख सोडणारी माणसं ही. बापूंनी सगळ्यांना एकच टाकला. ग्रामदैवताचं नाव, पुढं एक दोन तीन. देवाच्या नावाला कोण हरकत घेणार?

धैर्यशील तिथंच उभा होता. त्याच्या सगळ्या गणिताला एकच अट होती, पेट्या वेगवेगळ्या हातांत हव्यात. चारशे मतं म्हणजे चारशे माणसं. हे त्याला कळत होतं, अगदी नीट कळत होतं. पण जत्रा होती, लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, आणि नंतर बदलू असं म्हणून त्यानं प्रसादाचं ताट घेतलं.

गुंजेच्या ऑनलाइन नकाशावर मात्र पेट्या आपापल्या शहरातच दिसत राहिल्या. नोंदणीचा पत्ता बदलायचं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल. दुबईचा व्यापारी स्क्रीनवर बघायचा तेव्हा त्याला देशभर पसरलेले ठिपके दिसायचे. सगळे ठिपके एका तळघरात होते.

दाजी जत्रेला आले ते मोकळ्या हातानं.

“पेटी?” बापूंनी विचारलं.

“तिला रजा मिळाली नाही.”

“महिपती, गंमत नाही. तुझं वजन निम्म्यावर आलंय.”

“वजन कमी करा म्हणून डॉक्टरबी सांगतोय.” मग ते जरा थांबून म्हणाले, “सोनं मी सिलचरला बघतो बापू. साक्ष तिथूनच देतो. इथं इतक्या जणीत बसून ती कुणाच्या सुरात सूर मिळवंल काय सांगता येत नाही.”

बापूंना ते लागलं. धैर्यशीललाही थोडं लागलं.

सिलचरला दाजींच्या दुकानापासून चार दुकानं सोडून संग्रामची भट्टी. संग्राम बापूंचा जावई. त्याचं आणि दाजींचं पटत नव्हतं, दुकानापुढं गाडी लावण्यावरून सुरू झालेलं ते. पावसाळा संपता संपता संग्रामनं सोन्याचा एक मोठा लॉट तिजोरीत टाकला. तपासायला तुकडा दाजींकडंच येणार, शहरात तिसरा गलाईवाला नव्हता.

आता तपासणी कशी व्हायची? एक्स-रेचं पिस्तुलासारखं यंत्र तुकड्याला लावायचं, आकडा थेट पेट्यांना जातो. दोन सेकंदांचं काम. पण हे यंत्र फक्त वरची कातडी बघतं. जुनी पद्धत वेगळी. तुकडा आम्लराजात टाकायचा, दोन आम्लांचं मिश्रण, त्यात सोनं विरघळतं. इरिडियम नावाचा धातू असतो, सोन्याहूनही थोडा जड, तो सोन्यात मिसळत नाही, कणाकणानं लपून बसतो. आम्लराजात तो विरघळत नाही. तळाशी काळी भुकटी होऊन राहतो. याला दुपार जाते. अर्ध्या सेकंदाच्या जमान्यात दुपार कुणाकडं होती?

दाजींकडं होती. का, तर त्यांना संग्रामचं थोबाड आवडत नव्हतं. हे त्यांनीच नंतर सांगितलं. तुकड्याचा कोपरा कापून त्यांनी आम्लात टाकला. संध्याकाळी तळाला काळी भुकटी होती.

मग नियमाप्रमाणे त्यांनी उरलेल्या तुकड्याला यंत्र लावलं. आकडा आला, शुद्ध. संग्रामच्या यंत्राचाही तोच आकडा. दाजींनी आपली पेटी स्वयंचलितवरून काढली आणि हातानं ‘नाही’ दाबलं.

चारशे पेट्यांनी दोन आकडे बघितले, जुळले, ‘हो’ म्हणाल्या. एकाच रॅकवरून. दाजींची ठेव गेली, त्यात अक्काचं सोनंही होतं. नावापुढं लाल शिक्का आला.

अक्काचा फोन आला तेव्हा धैर्यशील जेवत होता.

“धैर्या, यांच्या नावापुढं खोटा म्हणून येतंय. काहीतरी चुकलंय तुझ्या त्या मशीनचं. काळी भुकटी बाटलीत भरून ठेवलीय यांनी, फोटो पाठवते.”

“बघतो अक्का.”

“सोनं गेलं तर जाऊ दे. पण गिऱ्हाईक मोबाइलवर नाव बघतं आणि पायरीवरनं माघारी जातं रे. खोट्याकडं सोनं कोण वितळवायला देईल?”

तो तसाच उठला आणि तळघरात गेला. बापू तिथंच होते, खुर्चीवर, पाय वर घेऊन. धैर्यशीलनं फोटो दाखवला. बापूंनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. आयुष्य भट्टीपुढं गेलेला माणूस. त्यांना भुकटी ओळखायला यंत्र नको होतं.

“संग्रामलाच कुणीतरी बाहेरनं टोपी घातली असंल,” ते शेवटी म्हणाले.

“म्हणजे दाजी खरं बोलतायत.”

“मी कुठं खोटं म्हणतोय?”

“मग शिक्का काढायला हवा बापू. लॉट खोटा ठरवायला हवा. सगळ्या पेट्यांनी परत मत द्यायला हवं.”

“देऊ दे की. पासवर्ड तुला ठाऊक हाय.” बापूंनी चपला पायात सरकवल्या. “पण आधी एक सांग. जी पेटी आधी ‘हो’ म्हणाली आणि मग ‘नाही’ म्हणाली, तिचं काय करायचं तू लिहिलंयस?”

धैर्यशीलची नजर रॅकवर गेली.

“तुझ्या आईचं सोनं ज्या पेटीमागं अडकवलंय, ती तिसऱ्या ओळीत हाय,” बापू म्हणाले. “मी वर चहा घेतोय. तुला काय करायचं ते कर.”

ते जिना चढून गेले.

धैर्यशील स्क्रीनपुढं बसला. सगळं अर्ध्या सेकंदाचं काम होतं. लॉट खोटा ठरला असता. दाजींचा शिक्का गेला असता. आणि दोन तोंडांनी बोलल्याबद्दल चारशे घरांची ठेव गेली असती, एकूण एक. एकटी सिलचरची पेटी वाचली असती. शिवाय दुबईवाल्याला कळलं असतं की एका माणसानं एका दमात देशभरच्या चारशे पेट्यांचं मत फिरवलं. मग गुंजेला विचारलं कुणी असतं?

त्यानं देवाचं नाव टाइप केलं. एक. दोन.

मग मागचं बटण दाबत दाबत सगळं पुसलं आणि अक्काला फोन लावला.

“काही करता येत नाही अक्का. ते कुणाच्याच हातात नसतं. तशीच तर रचना आहे त्याची.”

पलीकडं दाजींनी फोन घेतला. “कुणाच्याच हातात न्हाई?”

“नाही दाजी.”

“बरं धैर्यशील,” ते म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांनी त्याला नावानं हाक मारली नव्हती.

दुकान थंडीपर्यंत चाललं. मग भट्टी विकली, संग्रामनंच घेतली. दाजी गुवाहाटीला दुसऱ्याच्या भट्टीवर पगारी माणूस म्हणून लागले. अक्कानं फोन कमी केले. आईनं विचारलं की सांगायची, बरं चाललंय.

पुढं कोईमतूरच्या एका व्यापाऱ्यानं संग्रामच्या लॉटमधलं सोनं वितळवलं आणि मुशीच्या तळाला काळं सापडलं. तो ओरडायच्या आत बापूंनी स्वतः जाऊन बदली सोनं दिलं. संघानं वर्गणी काढली, घरटी. कुणी कुरकुरलं नाही. बाहेर एक शब्द गेला नाही. पण गावात कळायचं ते सगळ्यांना कळलं.

गावाला वाईट वाटलं. खरंच वाटलं, त्यात नाटक नव्हतं. बैठक बसली आणि एकमतानं ठरलं, महिपती देवकरांचा सत्कार करायचा. जत्रेत, समाजमंदिरात, शाल, श्रीफळ आणि मानपत्र.

“आणि शिक्का?” धैर्यशीलनं बैठकीत विचारलं.

“तो तर कुणाच्या हातात नाही ना?” एक जण म्हणाला. त्यानं ते मनापासून विचारलं होतं. बापूंनी लगेच पुढचा विषय घेतला.

दाजी येणार नाहीत असं धैर्यशीलला वाटत होतं. आले. अक्काही आली. घरी पाणी देताना तिनं विचारलं, “पुसता येतं का रे ते?”

“नाही अक्का.”

“येत नाही, की पुसत नाहीस?”

त्यानं तांब्या उचलला आणि भरलेल्या पेल्यात आणखी पाणी ओतलं. तिनं परत विचारलं नाही. तिला उत्तर मिळालं होतं.

संध्याकाळी समाजमंदिर गच्च भरलं. मुलूखभरचे गलाईवाले, बायका एका बाजूला, पोरं खिडक्यांत. बापूंनी शाल घातली. मानपत्रात ‘सत्याची कास’ वगैरे होतं. टाळ्या बराच वेळ चालल्या. पहिल्या रांगेतल्या धैर्यशीलनंही वाजवल्या.

दाजींनी माइक हातात घेतला, टिचकी मारून बघितला.

“मला बोलायची सवय न्हाई. शाल चांगली हाय, गुवाहाटीला थंडी असती.” लोक हसले. “एकच विचारतो. त्या दिवशी मी खरं बोललो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

हात वर झाले. आधी मागचे, मग पुढचे, मग बायकांचे. बापूंचा. धैर्यशीलचा. एकही हात खाली नव्हता. दाजींनी सावकाश, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सगळीकडं बघितलं.

“आभारी हाय,” ते म्हणाले. “आता हात तसेच ठेवा. आपण समदी खाली तळघरात जाऊ. जो तो आपल्या पेटीला एवढंच सांगंल. मी पुढं होतो.”

त्यांनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि जिन्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

पंखे फिरत होते. कुणी उठलं नाही. कुणाला तरी खोकला आला, त्यानं हात तोंडावर नेला. बापूंनी टोपी सारखी केली. एका बाईनं मांडीवरचं लेकरू सावरलं. कुणी खिसा चाचपला, कुणी घड्याळ बघितलं. घाईनं कुणीच काही केलं नाही.

अक्का बायकांच्या रांगेतून पहिल्या ओळीकडं बघत होती. ती इतकं कुठं बघतेय म्हणून धैर्यशीलनंही खाली बघितलं. त्याचा हात मांडीवर होता.